मराठी चाळीसवाले भाऊ

रिसोडच्या तहसीलसमोर टेबल टाकून बसलेल्या टायपिंगवाल्या भाऊंना कीबोर्डकडे बघून टाइप करणाऱ्यांची कीव येते. 'मराठी चाळीस'चं सर्टिफिकेट काचेत मढवून मागे टांगलेलं. बोटं रेमिंग्टनवर घडलेली. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला तरी बोटांना पत्ता लागला नाही, कारण कृतिदेव फॉन्टनं अक्षरांची घरं तीच ठेवली होती. घोळ केला ऑनलाइन अर्जानं. त्याला युनिकोड हवं, आणि त्यासाठी भाच्यानं मशीनमध्ये बसवला इन्स्क्रिप्ट कीबोर्ड, १९९१च्या भारतीय मानकातला.

भाऊंनी न बघता 'रिसोड' मारलं. स्क्रीनवर एका ठिपक्यांच्या गोलाला वेलांटी लोंबकळली आणि पुढे उमटलं 'रतकेश'.

अर्जदार दचकला. "भाऊ, हा रतकेश कोन? सातबाऱ्यावर नवीन हिस्सेदार चढवता काय?"

"व्हायरस हाये," भाऊ म्हणाले. चहा येईपर्यंत त्यांच्या लेखी सगळे बिघाड व्हायरसच असतात.

खरं दुखणं साधं होतं. 'र' दोन्हीकडे एकाच बटणावर. वेलांटीही, पण रेमिंग्टनवर ती अक्षराच्या आधी मारायची, इन्स्क्रिप्टवर नंतर. बाकीच्या बहुतेकांनी बिऱ्हाडं हलवलेली. 'स' मागावा तर 'त' हजर, 'ड'च्या जागी 'श'. भाऊंचा इलाज मात्र ठरलेला: कीबोर्ड उपडा करून झटकायचा (शेव पडते), वायर काढून घालायची, मशीन बंद-चालू करायचं. ऑल्ट-शिफ्ट एकत्र दाबलं की भाषा बदलते, हे भाच्यानं सांगितलं त्याच दिवशी भाऊंनी ऑल्टचं बटण उपटून स्टॅम्पपॅडच्या डबीत ठेवलं. आता मशीन अडकलं, कंट्रोल-ऑल्ट-डिलीट करायची वेळ आली, की आधी डबी शोधावी लागते.

तरी भाऊंचं टेबल ओस पडत नाही. परवा शेजारच्या झेरॉक्सवाल्याचं पोरगं पेनड्राइव्ह घेऊन आलं. जुना वाटणीचा कागद. फाइल उघडली, पण इन्स्क्रिप्ट आल्यापासून मशीनमध्ये कृतिदेव फॉन्टच राहिला नाही. पानभर इंग्रजी अक्षरांची भेळ.

"काका, फाइल खराब झाली."

भाऊंनी चष्मा वर सरकवला आणि ती भेळ घडाघडा मराठीत वाचायला लागले, गट नंबर, चतुःसीमा, साक्षीदार, सगळं. पोरगं तोंडाकडे बघतच राहिलं. तिसऱ्या ओळीवर भाऊ अडले.

"कोनं टाइप केलं बे हे? इथं 'एफ' पायजे होता, 'एच' मारला. मिळकतीची पयली वेलांटी दीर्घ झाली ना!"