शून्य अंशाचे काका

काकांकडे हेलिकॉप्टर आहे हे ऐकून माणसं मैदानावर जातात. काका तिथे नसतात. ते सदाशिव पेठेत, जेवणाच्या टेबलाशी, डोळ्याला भिंग लावून बसलेले असतात. टेबलावर 700 मिलिमीटर पात्यांचं मॉडेल, त्यामुळे काकू ताट मांडीवर घेऊन जेवतात.

रोटरखालच्या स्वॉशप्लेटला, म्हणजे पात्यांना कलवणाऱ्या चकतीला, 120-120 अंशांवरचे तीन सर्व्हो (छोट्या मोटरी) उचलतात. एकाचं हॉर्न (मोटरवरची दांडी) जरा तिरकं बसलं, की चकती कलते आणि सरळ चढायच्या ऐवजी यंत्र शेजाऱ्यांच्या गॅलरीकडे निघतं. लोक तेवढा फरक रिमोटमधल्या सबट्रिम नावाच्या सेटिंगने मारून नेतात. काकांच्या मते हे म्हणजे करपलेल्या फोडणीवर कोथिंबीर. सर्व्होला 25 दाते, हॉर्नला चार हात. 25 ला चाराने पूर्ण भाग जात नाही, म्हणून प्रत्येक हात नव्वद अंशांपासून थोडा वेगळा पडतो. काका चारही हात लावून बघतात. मग दुसरं हॉर्न आणतात.

खरी परीक्षा पुढे. स्टिक मधोमध, पात्याचा पिच (कोन) शून्य हवा, आणि गेज दाखवतं 0.4. काका पकडीने पात्याच्या दांडीची बॉल लिंक ‘टक’ करून काढतात. अर्धा आटा फिरवला तर काम होईल. पण लिंकची अक्षरं कोरलेली बाजू बाहेरच हवी, नाहीतर ती बॉलवर अडते. पूर्ण आटा फिरवावा, तर काटा शून्याच्या पलीकडे. काका हात मागे घेतात आणि चहा मागतात. चहा संपेपर्यंत संशय गेजवर गेलेला असतो, मग टेबलावर. टेबलाच्या पायाखाली वर्तमानपत्राची घडी जाते. हल्ली त्यांचं ठाम मत आहे, की इमारतच कललेली आहे. बिल्डरला पत्र लिहायचं तेवढं काकूंनी थांबवलं.

“अगं, बेल कंपनीत जायच्या आधी आर्थर यंगनेसुद्धा वर्षानुवर्षं मॉडेलंच केली. मग कुठे 1946 ला बेल 47 हेलिकॉप्टरला परवाना मिळाला!”

“हो, पण त्याची मॉडेलं उडायची,” काकू आमटी वाढत म्हणतात.

काकांना हसणाऱ्यांत मीही आहे, पण एक सांगायला हवं. दीड मीटरचा रोटर मिनिटाला दोन हजार फेरे घेतो, तेव्हा पात्याचं टोक ताशी पाचशे किलोमीटरच्या वर धावत असतं. तिथे एखादी लिंक निसटली, तर पात्याच्या वाटेत आपण नसावं. त्यामुळे मैदानावरची पोरं नवं यंत्र उडवायच्या आधी गुपचूप काकांकडे आणतात. काका ते आठवडाभर ठेवून घेतात, सबट्रिम सगळे शून्यावर आणतात आणि मालकाला भरपूर बोलून परत देतात.

ती सगळी झकास उडतात. काकांचं अजून टेबलावरच आहे.