आवाजाला पैसे कशाला?

हातात पन्नास हजार रुपये असताना एकोणपन्नास हजार पाचशेचा कॅमेरा घेणारा माणूस हा खरा कलावंत. उरलेल्या पाचशेत मेमरी कार्ड येते. माईकसाठी काही उरत नाही, आणि उरूही नये. चित्रपट म्हणजे बघायची गोष्ट, हे त्याला शिकवावे लागत नाही.

त्याच्या पाठीशी परंपरा आहे. दादासाहेब फाळक्यांनी 1912 साली विमा पॉलिसी गहाण ठेवून लंडन गाठले. येताना कॅमेरा आणला, माईक आणला नाही. तरीही 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांनी डोक्यावर घेतला. घोटाळा झाला तो 1931 मध्ये. अर्देशिर इराणींनी ‘आलम आरा’ बोलका केला आणि शेजारून जाणाऱ्या आगगाड्यांचा आवाज चुकवण्यासाठी त्यांना रात्री-रात्री चित्रीकरण करावे लागले. आपल्या कलावंताला असले जागरण नको. तो भर दुपारी लक्ष्मी रोडवर उभा राहून मुलाखत घेतो.

ट्रायपॉडऐवजी पुस्तकांची चळत, दिव्याऐवजी खिडकी. या काटकसरीबद्दल वाद नाही.

कॅमेऱ्यातला माईक मात्र सविस्तर गौरवाला पात्र आहे, कारण इतका निःपक्षपाती माईक दुसरा नाही. पंखा, शेजारचा मिक्सर, रिक्षा, लेन्सची कुरकुरणारी मोटर आणि समोर बोलणारी कलावंताची आजी, सगळ्यांना तो सारखाच न्याय देतो. कॉलरचा माईक उघड पक्षपाती. तो आजीच्या तोंडापासून वीतभरावर बसतो आणि तिचेच ऐकतो. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत आवाज सहा डेसिबलने उतरतो. दहा फुटांवरच्या कॅमेऱ्यापर्यंत आजीचा शब्द पोहोचतो तेव्हा तो वीसेक डेसिबल तरी हलका झालेला असतो, आणि पंखा तेवढाच राहतो. मग आवाज आपोआप वाढवणारा कॅमेऱ्यातला ऑटो गेन धावून येतो. आजी श्वास घ्यायला थांबली रे थांबली की तो पंख्याला वर उचलतो, जेणेकरून प्रेक्षकाला क्षणभरही शांतता सोसावी लागू नये. या किमतीच्या बहुतेक कॅमेऱ्यांना हेडफोन लावायची सोयच नसते. म्हणून हे सगळे घरी गेल्यावर, आजी पुन्हा गावाला गेल्यावर कळते. चित्रीकरणाच्या दिवशी कोणाचा मूड जात नाही.

याउलट दुकानदार काय सांगतो? हजारभर रुपयांत सहा मीटर वायरचा कॉलर माईक येतो, तो आजीच्या पदराला लावा, वायर तिच्या शेजारी ठेवलेल्या फोनला जोडा, फोनवर रेकॉर्डिंग चालू करा, कॅमेरा आणि फोन दोन्ही चालू झाले की एक टाळी वाजवा. नंतर टाळीवर चित्र आणि आवाज जुळवून घ्या. आधी दहा सेकंद ऐकून बघा. पंखा बंद करा. असल्या सल्ल्याने कॅमेऱ्याचे बजेट हजाराने कमी होते, आणि एकोणपन्नास हजार पाचशेच्या जागी अठ्ठेचाळीस हजार पाचशेचा कॅमेरा घेतला तर चारचौघांत तोंड कसे दाखवायचे?

अशा उलट्या बुद्धीचे लोक आपल्याकडे पूर्वीही होते. गी पॉइटवां आणि हेमा राईरकर यांच्या गटाने महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतल्या हजारो ध्वनिमुद्रित केल्या आणि त्या आजही ऐकता येतात. बाई ओवी म्हणते, मागून जात्याची घरघर येते, आणि शब्द कळतो. आवाजावर केवढा हा खर्च!

आपल्या कलावंतानेही आपल्या आजीच्या ओव्या टिपल्या, पण कॅमेऱ्यातल्या माईकवर. फोर-के. एका चौकटीत 83 लाख पिक्सेल, सुरकुतीन् सुरकुती स्वच्छ. ओठ हलताना दिसतात. ती काय म्हणते, हे घरातल्या कोणालाच ओळखता आले नाही, त्यामुळे उपशीर्षके देता आली नाहीत, आणि आता विचारायला आजी नाही. म्हणून त्याने बासरी लावली आहे. बासरी फुकट मिळते.