ओहोटी आणि आमटी

हरिहरेश्वरला जेवायचं कुठं, हा प्रश्न गावात पोचल्यावर विचारला तर बहुधा उशीर झालेला असतो. तो आदल्या रात्री फोनवर विचारायचा. पलीकडून ‘काय खाणार?’ असं कुणी म्हणत नाही, ‘किती पानं?’ एवढीच चौकशी होते. पाठोपाठ, ‘मोदक हवेत का? ते आत्ताच सांगा.’ शहरात मेन्यूकार्डाची सगळी पानं उलटीपालटी करून शेवटी पनीरवर येऊन ठेपणाऱ्या माणसाला हा कारभार आधी जरा हुकूमशाहीचा वाटतो. मग हळूहळू मानवतो. उद्या आपण काय खायचं हे आपल्याला न विचारता कुणीतरी ठरवलंय, ही भावना लहानपणानंतर फारशी वाट्याला येत नाही.

आदल्या रात्रीचा आग्रह उगीच नसतो. केळफुलाची भाजी करायची तर त्यातल्या एकेका फुलातला ताठ दांडा काढायचा, हातांना तेल चोळून बसायचं, नाहीतर बोटं काळी होतात. मग बारीक चिरून रात्रभर ताकाच्या पाण्यात बुडवून ठेवायचं. डाळिंब्या भिजवून, मोड आणून सोलायच्या, त्याही एकेक. एवढं सगळं झाल्यावर ताटात भाजी पडते ती चार बोटं, आणि पाहुणा ती वरणभाताच्या दोन घासांमध्ये, मोबाइलकडे बघत संपवतो. (मासे हवे असतील तर घर बदलावं लागतं, गाव नाही.)

खरी पंचाईत निराळीच आहे. या गावाला दोन वेळापत्रकं आहेत, एक समुद्राचं आणि एक स्वयंपाकघराचं. रीतीप्रमाणे आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव असं दर्शन झालं की प्रदक्षिणा. ती डोंगराला वळसा घालून, कातळातल्या चिंचोळ्या पायऱ्यांनी थेट समुद्राच्या कडेला उतरते, आणि ओहोटी असेल तरच करायची. भरतीला तिथं जाणं म्हणजे देवाला विनाकारण कामाला लावणं. आता ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढं सरकते. आमटी सरकत नाही. त्यामुळं भर दुपारी, पोटात कावळे ओरडत असताना, माणसं त्या खडकांवरून लगबगीनं चालताना दिसतात. लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्यानं तिथल्या कातळाला अशी काही नाजूक जाळी पाडली आहे की भूगर्भशास्त्रज्ञाचं भान हरपावं. मला मात्र भुकेच्या वेळी तो कातळ थेट अनरशासारखा दिसतो.

हरिहरेश्वर हे पेशव्यांचं कुलदैवत. बाळाजी विश्वनाथ भट इथून जवळच्या श्रीवर्धनचे. घाट चढून ते देशावर गेले आणि १७१३ साली शाहू महाराजांनी त्यांना पेशवेपद दिलं. स्वाऱ्या, तह, वसुली, सगळं पुस्तकांत सापडतं. पण देशावरच्या ज्वारीच्या भाकरीसमोर बसल्यावर त्यांना कधी आमसुलाची, ओल्या खोबऱ्याची, मऊ भाताची आठवण झाली असेल का, हे मला उगीचच विचारावंसं वाटतं.

खोबऱ्याचा विषय मात्र इथं जपून काढावा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं आणि श्रीवर्धन-दिवेआगरपासून इथवरच्या नारळी-पोफळींच्या वाड्या आडव्या झाल्या. एका घरी मोदक वाढताना बाई सहज म्हणाल्या, ‘तेव्हा आम्ही नारळ विकत आणला हो!’ घर शाकारायला किती खर्च आला, वीज किती दिवस नव्हती, यातलं काहीच त्या बोलल्या नाहीत. विकत आणलेला नारळ तेवढा मनाला लागून राहिला होता. बोलता बोलता त्यांनी मोदकाचं नाक अलगद मोडलं आणि आत तूप सोडलं, ते कळ्यांच्या चुण्यांमधून पाझरत ताटात आलं.

जेवण झाल्यावर सगळ्यात अवघड प्रसंग येतो तो पैशांचा. इतकं आग्रहानं वाढलेलं अन्न जेवून ‘किती झाले?’ म्हणताना जीभ अडखळते. आणि सांगणाऱ्या बाईंनाही आढ्याकडे बघूनच हिशेब करावा लागतो. पानं धरली, सांगितलेले मोदक धरले. वर वाढलेले दोन धरायचे राहिले, म्हणून मी आठवण करून दिली.

‘ते तुम्ही कुठं मागितले होते? मी वाढले.’

या युक्तिवादापुढं मी नोट मुकाट्यानं परत खिशात घातली. त्यांनी तोवर ओसरीवर सतरंजी टाकली होती. ‘जरा लवंडा,’ त्या म्हणाल्या, ‘भरती लागलीय, आत्ता कुठं जाताय?’