पत्रिका उघडा, फाइल विचारू नका

ऑगस्ट २०२५मध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सअॅपवर अनोळखी नंबरवरून लग्नाचं आमंत्रण आलं. दिसायला पीडीएफ, प्रत्यक्षात एपीके, म्हणजे फोनमध्ये अॅप बसवणारी फाइल. पत्रिका उघडली आणि खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. आहेर घसघशीत झाला, लग्न मात्र कुठे नव्हतंच. यावर शहाणी माणसं म्हणतात, जपून वागावं. जरूर वागावं, पण कशापासून जपायचं ते सामान्य माणसाला दिसू द्यायचं नाही, असं संगणकवाल्यांनी केव्हाच ठरवून टाकलंय. विंडोजने वापरणाऱ्याच्या सोयीसाठी फाइलचा प्रकार सांगणारी नावामागची शेपटं झाकली आणि मे २०००मध्ये ‘आय लव्ह यू’ व्हायरस त्याच आडोशाने जगभर हिंडला. होती स्क्रिप्ट, पण लोकांना दिसली साधी टेक्स्ट फाइल. पंचवीस वर्षांत आपण प्रेमपत्रावरून लग्नपत्रिकेपर्यंत आलो. प्रगती नाही असं कोण म्हणेल?

फाइल झाकली म्हणूनच फोन हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीच्या शेतापर्यंत पोचला, असं यावर सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. फोल्डरांची उतरंड बघून पुष्कळांनी फोन खाली ठेवला असता. पण फोनने फाइल झाकली तरी सरकारने ती मागायचं सोडलेलं नाही. महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना दाखला ठरलेल्या प्रकारात आणि ठरलेल्या केबीतच लागतो. दाखला व्हॉट्सअॅपवर आलेला असतो. तो फोनमध्ये नेमका कुठे, ते मात्र फोन नीट सांगत नाही. औंढ्यात विसोबा खेचरांनी नामदेवांना शिकवलं की देव नाही अशी जागाच नाही. फोन कंपन्या फाइलबद्दल तेच शिकवतात. फरक इतकाच की नामदेवांना देव सापडला. बाकीच्यांना सेवा केंद्र गाठावं लागतं. म्हणजे जे ज्ञान अनावश्यक ठरवलं, त्याची गरज संपलीच नाही. ते केंद्रचालकाकडे आणि भामट्याकडे गेलं. इकडे २००१पासून एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमात फोल्डर करायला शिकवणारं हेच राज्य! आयफोननेही २००७मध्ये फाइली झाकल्या आणि २०१७मध्ये ‘फाइल्स’ नावाचं अॅप देऊन टाकलं.

सगळंच उघडं टाका, असं मुळीच नाही. यंत्रणेच्या स्वतःच्या फाइली झाकलेल्याच बऱ्या, आणि २०२०च्या अँड्रॉइड ११ने एका अॅपला दुसऱ्याच्या फाइलींत डोकावायची बंदी कडक केली, तेही उत्तमच. पण कुलूप इंजिनाला हवं, माणसाच्या स्वतःच्या सातबाऱ्याला कशाला? फोन ‘अज्ञात स्रोत’ असा इशारा देतो, हा आणखी एक बचाव. ज्याला फाइल म्हणजे काय हेच कधी दाखवलं नाही, त्याने स्रोत कशावरून ओळखायचा? कंपन्या हे सुधारतील तेव्हा सुधारतील. तोवर पत्रिकेच्या नावाशेवटी एपीके दिसलं, तर लग्न कितीही जवळच्याचं असो, उघडू नका; आणि पैसे गेलेच तर लाजत न बसता लगेच सायबर हेल्पलाइनच्या १९३० क्रमांकावर फोन करा.