शून्य गुण, ठणठणीत आजी

शाळेत शून्य मिळालं की कान पिरगाळतात. इस्पितळाच्या गणितात मात्र शून्यवाला सगळ्यांत धडधाकट.

1987 साली न्यूयॉर्कच्या डॉ. मेरी चार्लसन आणि सहकाऱ्यांनी रुग्णाच्या जुन्या दुखण्यांना गुण देण्याची पद्धत काढली. मधुमेहाला 1, मूत्रपिंडाच्या बळावलेल्या आजाराला 2, यकृत निकामी होत आलं तर 3, कर्करोग शरीरात पसरला असेल तर थेट 6. बेरीज जेवढी मोठी, तेवढी वर्षभरात दगावण्याची भीती जास्त. हल्ली असल्या बेरजांवरून इस्पितळांचाही हिशेब मांडतात : मृत्यू किती अपेक्षित होते, झाले किती. पद्धत चोख आहे. अट एवढीच, की दुखणं आधी कुणीतरी कागदावर उतरवलेलं हवं.

आता पुण्याजवळच्या घोटावडे गावी या. 2020 च्या कोरोनाकाळातल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत राज्यभर पथकं दारोदार फिरली. ताप मोजला, ऑक्सिजन मोजला. शुगर मात्र तोंडी विचारली! “आजी, शुगर-बीपी काही?” “न्हाय बाबा, कधी तपासलीच न्हाय.” अशा उत्तरातला ‘न्हाय’ तेवढा रकान्यात जातो. पुढचे चार शब्द मावत नाहीत. आजीचे गुण शून्य.

आता पुण्यातल्या कोथरूडच्या काकांची फाइल बघा. मधुमेह, जुना हार्ट अटॅक, दमा. झाले 3 गुण (वयाचे वेगळे). काका गेले तर ‘धोका होताच’. आजी गेली तर ‘अचानक गेली’, आणि ठपका तिला शेवटी दाखल करून घेणाऱ्या डॉक्टरवर. शिवाय गावातून पुण्याला निघालेली गाडी इकडून हिंजवडीत अडकते, तिकडून भूगावात. त्या खोळंब्याला चार्लसनबाईंनी गुण ठेवलेले नाहीत. त्यांना भूगाव कुठून ठाऊक असणार?

सरकारचाही भरवसा कागदावरच. मार्च 2021 मध्ये 45 ते 59 वयाच्यांना लस हवी, तर यादीतल्या 20 पैकी एका व्याधीचा डॉक्टरी दाखला आणा म्हणाले. आजार अंगात असून भागत नव्हतं, तो लेटरहेडवर लागत होता.

तेव्हा आरोग्य खात्याला विनंती : पुढच्या सर्वेक्षणात ‘आहे’ आणि ‘नाही’च्या शेजारी ‘तपासलं नाही’ असा तिसरा रकाना आखा. त्यावर खूण पडली, की तिथेच पडवीत आजीच्या बोटाला सुई टोचा.