संगणक शिक्षक पाहिजे, संगणक ऐच्छिक

मा. सचिवसाहेब,


आपल्या माध्यमिक शाळेची जाहिरात वाचून सोलापूरच्या नवी पेठेत, आपल्या कापड दुकानाच्या माळ्यावर मुलाखत देऊन आले. जागा छान निवडलीत. खाली साड्यांचा भाव चालला होता, वर आमचा.

पात्रता एम.सी.ए. किंवा बी.ई., बी.एड. असल्यास प्राधान्य. मानधन महिना 8,000; मे महिना कोरडा. उतरताना खालच्या सेल्समनला पगार विचारला आणि मीच ओशाळले.

पायथनबद्दल एक प्रश्न नाही! विचारलंत काय, तर शालार्थवर पगाराची बिलं जमतात का, युडायस प्लसवर शाळेची माहिती भरता येते का आणि प्रिंटर अडकला तर काय कराल. तो अडकलेला प्रिंटरही लगेच पुढ्यात ठेवलात. झाकण उघडून कागद ओढला, तर तपासणी अहवालाचं अर्धं पान निघालं : ‘संगणक कक्ष सुसज्ज.’ कक्षाला कुलूप का, असं विचारल्यावर म्हणालात, ‘‘मॅडम, पोरं बिघडवतात.’’ संगणक शुल्क मात्र त्याच पोरांकडून दरवर्षी घेता.

तुम्हाला एकट्याला बोल कसा लावू? धडा सरकारनेच घालून दिलाय. केंद्राची ‘आयसीटी ॲट स्कूल’ योजना 2004 ची. महाराष्ट्रात ती ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ म्हणून कंपन्यांच्या हाती गेली. यंत्रं कंपनीची, शिक्षकही कंपनीचेच, करार पाच वर्षांचा. मुदत सरली, यंत्रं शाळेकडे आली आणि शिक्षक आंदोलनाला आझाद मैदानावर गेले. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून कोडिंग सांगितलं खरं; ते शिकवणाऱ्याचं वेगळं पद अनुदानित शाळेच्या संचमान्यतेत मात्र नाही. तुमची तर सोयच झाली. पद नाही म्हणजे अभियोग्यता चाचणी नाही, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलची कटकट नाही. गुणवत्ता यादी माळ्यावरच लागते, तीही चहा येईपर्यंत.

‘‘सोमवारपासून या, आधी युडायसचं बघा,’’ असा निरोप मिळाला. येत नाही. तुमच्या जाहिरातीत एवढीच दुरुस्ती करा : ‘लिपिक पाहिजे, शिक्षकाच्या पदव्यांसह.’ अर्ज तरीही येतील. सोलापुरात पदवीधरांची टंचाई नाही, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे.

आपली,
नकार देणारी एक उमेदवार

ता. क. : युडायसचा पासवर्ड मला विचारू नका. तो आधीच्या बाईंकडे आहे आणि त्यांचं चार महिन्यांचं मानधन तुमच्याकडे.