आवाजवाला भाऊ

मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरचीची देठं खुडतात त्या आवारात, कॉम्प्युटर असतो तो हिशेबासाठी. हिशेबाला आवाज लागत नाही, म्हणून तो गेल्याचं दिवसभर कोणाला कळतही नाही. संध्याकाळी देठं खुडणाऱ्या बाया घरी जातात, काकाजी यूट्यूबवर झाडीपट्टीचं नाटक लावतात, आणि पडद्यावरचा खलनायक नुसतेच दात विचकू लागतो. आदल्या रात्री अपडेट येऊन गेलेलं असतं. मग भाऊला फोन जातो.

असा एक भाऊ प्रत्येक तालुक्याच्या गावी असतोच. भिवापूरचा जरा तिखट. दुकान नाही, पाटी नाही. पण सीपीयू मांडीवर घेऊन एसटीनं उमरेडमार्गे नागपूरची सीताबर्डी गाठण्यापेक्षा भाऊ बरा, यावर गावात एकमत आहे.

"आवाज काहून नाही येऊन राह्यला, बापू?"

"पायतो नं काकाजी. चहा ठेवा."

स्पीकरची हिरवी पिन चुकून गुलाबी भोकात गेली का, टीव्हीची एचडीएमआय वायर जोडल्यामुळे आवाज तिकडेच वळला का, की कोणी म्यूटच केलं, हे पाहायला अर्धं मिनिट पुरतं. भाऊ ते पाहत नाही. अर्ध्या मिनिटात चहा उकळत नाही.

त्याऐवजी तो आधी कॅबिनेट उघडतो आणि फुंकर मारतो. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, आणि तिचा गुण कॅबिनेटच्या आतही शाबूत राहतो. पुढची काही मिनिटं सगळे शिंकतात. डोळे पुसत भाऊ बोर्डावरच्या एका बारक्या चिपेकडे बोट दाखवतो. तिच्यावर खेकडा छापलेला असतो. रिअलटेक या तैवानी कंपनीचं ते बोधचिन्ह. अनेक कॉम्प्युटरांचा आवाज हिच्याच चिपेतून निघतो. पण भाऊ ते अशा सुरात सांगतो, की काकाजी दचकून पाय वर घेतात.

"खेकडा बिघडला, काकाजी."

मग डिव्हाइस मॅनेजर उघडतो. पिवळा त्रिकोण, त्यात उद्गारचिन्ह, खाली 'कोड १०'. याचा सरळ अर्थ एवढाच, की विंडोजला ते यंत्र सुरू करता आलं नाही; बहुधा नवा ड्रायव्हर नीट बसलेला नसतो. उपायही सरळ आहेत. जुना ड्रायव्हर शिल्लक असेल तर 'रोल बॅक'चं बटण दाबायचं. नसेल तर बोर्डाचा मॉडेल नंबर पाहून त्याच कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घ्यायचा. काकाजींची बारावीतली नात हे सांगतेही.

"ते पुस्तकी झालं, बाई," असं म्हणून भाऊ खिशातून पेन ड्राइव्ह काढतो.

त्या पेन ड्राइव्हमध्ये जगातल्या सगळ्या ड्रायव्हरांचा एक फुकट गठ्ठा असतो. तो टाकला, की कॉम्प्युटरवर न मागितलेले दोन ब्राउझर येतात, घड्याळाशेजारी जाहिरात नाचू लागते आणि आवाजाचं जे काही उरलं होतं तेही जातं. इथवर चहाचा दुसरा कप आलेला असतो. भाऊ गंभीर होतो. मला तो याच क्षणी सगळ्यात आवडतो, कारण आता खरी दुरुस्ती सुरू होते: स्वतःच केलेल्या बिघाडाची.

नात पाणी आणायला आत गेली, की तो गुपचूप ड्रायव्हर अनइन्स्टॉल करतो, 'ड्रायव्हर सॉफ्टवेअर काढून टाका' या चौकटीत टिक करतो आणि कॉम्प्युटर रिस्टार्ट करतो. विंडोज बहुतेक वेळा आपल्याजवळचा साधा ऑडिओ ड्रायव्हर स्वतःहून बसवतं. खलनायक एकदम गडगडतो. आवाज शंभरावर असल्यानं शेजारचं कुत्रं भुंकतं.

"आला! कसा काय आणला, बापू?"

"मीच केलो नं," भाऊ म्हणतो. कसं, ते तो कधीच सांगत नाही.

पैसे तो घेत नाही. हात दोनदा मागे सारतो, तिसऱ्यांदा मिरचीची पिशवी स्वीकारतो. त्याच्या घरी विकतचं तिखट कधी आलेलं कोणाला आठवत नाही. नात्याचा नाही, धंद्याचा नाही, तरी दर घरात त्याचा कप वेगळा काढून ठेवलेला असतो.

मायक्रोसॉफ्टची मासिक अपडेटं महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. आपल्याकडे ती पोचेपर्यंत रात्र झालेली असते. कधी कधी त्यांच्या मागोमाग नवे ड्रायव्हरही येतात. भाऊला चतुर्थी विचारली तर कॅलेंडर पाहावं लागतं. हा मंगळवार मात्र त्याला पाठ आहे. बुधवारी सकाळी तो दाढी करून, फोन पूर्ण चार्ज करून ओट्यावर बसलेला असतो.